पाळीव प्राणी : हौस आणि उत्तरदायित्व

लखनौ शहर अदब, चिकनकारी आणि कबाब यांसाठी जसे ख्यातनाम आहे, तसेच पशुपक्ष्यांच्या शौकासाठीही. कबुतरे उडविणे, कोंबड्यांच्या व लाव्यांच्या झुंजी लावणे यांत तेथील अमीर-उमरावांच्या पिढ्या रमल्या. अब्दुल हलीम शरर यांनी ‘गुजिश्ता लखनऊ’ या ग्रंथात या शौकांची सविस्तर हकीकत नोंदविली आहे. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले आणि नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे जाऊन राहिले. तेथेही त्यांनी मोठा प्राणिसंग्रह उभारला. राज्य गेले, शौक मात्र गेला नाही.

त्या काळी या प्राण्यांची देखभाल करण्यासाठी पगारी माणसे असत. धन्याने कौतुक करावे आणि चाकराने पिंजरा झाडावा, अशी ती व्यवस्था होती. आज गोमतीनगर किंवा अलीगंजमधील तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत कुत्रे आणले जाते, तेव्हा कौतुक करणारा आणि पिंजरा झाडणारा एकच असतो. पुणे, नागपूर वा ठाण्याची स्थिती काही निराळी नाही. प्राणी घरी आणण्यापूर्वी हा हिशेब मांडला जात नाही आणि बहुतेक अनर्थांचे मूळ तेथेच असते.

लखनौच्या कैसरबाग भागात जुलै २०२२ मध्ये घडलेली घटना देशभर गाजली. घरात एकट्या असलेल्या एका वृद्धेवर घरातल्याच पिटबुल जातीच्या कुत्र्याने हल्ला केला आणि त्यात तिचा मृत्यू झाला. महानगरपालिकेने कुत्रा ताब्यात घेऊन निरीक्षणाखाली ठेवला. त्यानंतर अनेक शहरांत अशा जातींवर बंदी घालण्याची मागणी झाली. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने मार्च २०२४ मध्ये २३ जातींची आयात, पैदास व विक्री थांबविण्याबाबत राज्यांना परिपत्रक पाठविले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्दबातल ठरविले. कायद्याचा हा वाद स्वतंत्र आहे. घरापुरता प्रश्न मात्र साधा आहे : झुंजीसाठी घडविलेल्या, बलदंड जबड्याच्या कुत्र्याला आवरण्याची शक्ती आणि वेळ घरातील प्रत्येकापाशी आहे काय? घरात दिवसभर आजी एकटी राहत असेल, तर निवड तिच्या बळाकडे पाहून करावयास हवी, नातवाच्या हौशीकडे पाहून नव्हे. देशी कुत्रे आपल्या हवामानात निरोगी राहते आणि त्याचा खर्चही कमी येतो. परंतु ते दिमाखदार दिसत नाही, एवढाच त्याचा अपराध!

लखनौ महानगरपालिकेकडून पाळीव कुत्र्यासाठी परवाना घेणे बंधनकारक आहे आणि त्यासाठी रेबीजच्या लसीकरणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. महाराष्ट्रातील मोठ्या महानगरपालिकांतही परवान्याची सोय आहे. हा केवळ कागदी उपचार नव्हे. कुत्रे हरवले, कोणाला चावले किंवा शेजाऱ्यांशी तंटा झाला, तर पहिली विचारणा याच कागदाची होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका पोहोचू नये यासाठी पुरेशी दक्षता न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा प्राण्याच्या बाजूनेही उभा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सतत साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरावयास न नेणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. गच्चीवर बांधून ठेवलेला ‘राखणदार’ कुत्रा या कलमात नेमका बसतो. असे कुत्रे चिडके होते आणि पुढे चावले, की दोष त्याच्या जातीला दिला जातो.

रेबीजविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. मात्र लक्षणांपूर्वी योग्य उपचार झाले, तर तो जवळजवळ निश्चितपणे टळतो. इतके टोकाचे अंतर अन्य रोगांत क्वचितच आढळेल. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली. पुढे हिमाचलातील कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस बनविली आणि भारतात कित्येक दशके तीच वापरली गेली. पोटात घ्यावयाच्या त्या चौदा इंजेक्शनांची धास्ती जुन्या पिढीच्या मनात अजूनही आहे आणि त्या धास्तीपायी आजही काहीजण चावा लपवितात. ही लस २००५ च्या सुमारास देशातून हद्दपार झाली. आजची लस दंडात घेतात. स्नायूत टोचावयाच्या रूढ पद्धतीत चाव्याच्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी, अशा पाच मात्रा असतात.

चावा झाल्यावर सर्वप्रथम जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. विषाणूचा मोठा भाग तेथेच निकामी होतो. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. त्यानंतर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. जखम खोल असल्यास लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही जखमेत व तिच्या भोवती द्यावे लागते आणि याच टप्प्यावर हयगय होते. कुत्रा किंवा मांजर घरचे असेल तर त्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात, पण तोवर लस थांबवून वाट पाहावयाची नसते. मांजरामुळेही रेबीज होतो. ‘पिल्लूच तर आहे, ओरखडाच तर आहे’ हे वाक्य या रोगाच्या बाबतीत महागात पडते. पिल्लाला साधारण तिसऱ्या महिन्यात रेबीजची पहिली लस व त्यानंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे पुढील मात्रा द्याव्यात. सामूहिक लसीकरणाचे फळ पाहावयाचे असेल तर गोव्याकडे पाहावे. तेथे २०१३ पासून कुत्र्यांचे घरोघर व रस्तोरस्ती लसीकरण झाले आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले.

स्वच्छतेचे म्हणावे तर कुत्र्याला रोज आंघोळ घालणे हे प्रेम नव्हे. त्याने त्वचेचे नैसर्गिक तेल निघून जाते व खाज सुटते. दोन ते चार आठवड्यांतून एकदा, कुत्र्यांसाठीच्या साबणाने घातलेली आंघोळ पुरते. रोज करावयाचे काम म्हणजे केस विंचरणे आणि कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासणे, कारण गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्याचे रक्त आटवितो. जंतांचे औषध पिल्लांना वारंवार व मोठ्या कुत्र्यांना साधारण दर तीन महिन्यांनी देतात. याचा संबंध थेट घरातल्या मुलांशी आहे, कारण कुत्र्याच्या विष्ठेतील जंतांची अंडी मातीत मिसळून त्यांच्या हातांवाटे पोटात जातात. सकाळी फिरावयास निघताना खिशात कागद किंवा पिशवी असावी आणि कुत्र्याने केलेली घाण स्वतः उचलावी. शेजाऱ्यांशी होणारे निम्मे तंटे एवढ्यानेच मिटतील. पावसाळ्यात कुत्र्याला साचलेल्या पाण्यातून नेऊ नये, कारण उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस त्यालाही होतो आणि त्याच्याकडून घरच्यांनाही होऊ शकतो.

लखनौचा उन्हाळा आणि तेथली ‘लू’ ही तर प्राण्यांची परीक्षाच. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करते. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. दुपारच्या डांबरी रस्त्यावर पंजे भाजतात आणि बंद मोटारीत अवघ्या काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. फिरणे पहाटे किंवा सूर्यास्तानंतर उरकावे. घरातल्या खाऊविषयीही सावध असावे. चॉकलेट, द्राक्षे व मनुका, कांदा आणि लसूण कुत्र्यांना बाधतात. मांजराला तर पॅरासिटामॉलची गोळी प्राणघातक ठरते.

जुन्या लखनौतील नक्खास बाजार पक्ष्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. ‘विठू विठू’ म्हणणारा पोपट मराठी घरांतही पिढ्यान् पिढ्या पेरू-मिरची खात आला. परंतु आपला हिरवा पोपट आणि मुनिया हे वन्य पक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. बजरीगर हे परदेशी जातीचे पक्षी या बंदीत येत नाहीत. मात्र त्यांच्या पिंजऱ्याशेजारी नॉनस्टिक तवा रिकामा तापू देऊ नये, त्याच्या वाफेने पक्षी तडकाफडकी मरतात.

सर्वांत अवघड वेळ येते ती बदलीची, आणि बँकेतील कर्मचाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. सामान बांधले जाते, मुलांचे शाळेचे दाखले निघतात आणि शेवटच्या आठवड्यात कोणाला तरी आठवते, की कुत्र्याचे काय? ओळखीच्यांकडे विचारणा होते, नकार येतात आणि काही दुर्दैवी प्राणी सोसायटीच्या फाटकाबाहेर राहतात. वर्षानुवर्षे आयते अन्न खाल्लेला प्राणी रस्त्यावर तग धरू शकत नाही. रेल्वेने कुत्रे नेता येते. वातानुकूलित प्रथम वर्गाचा संपूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित असल्यास ते सोबत राहू शकते, अन्यथा गार्डच्या डब्यातील पेटीत त्याची नोंदणी करावी लागते. वातानुकूलित द्वितीय, तृतीय वा शयनयान श्रेणीत त्याला परवानगी नाही. उन्हाळ्यात ती पेटी तापते, म्हणून रात्रीची गाडी निवडावी आणि लसीकरणाचे प्रमाणपत्र व पशुवैद्याचा दाखला जवळ ठेवावा. नव्या गावी परवानाही पुन्हा काढावा लागतो. तेव्हा बदलीचा आदेश हाती पडताच घर शोधताना, त्या घरात कुत्र्याला परवानगी आहे की नाही, हा प्रश्न भाड्याच्या प्रश्नाआधी विचारावा.