रेघ टेकली म्हणजे जोड झाली असे नव्हे!

मागच्या सेमला ५५५ टायमरचा एलईडी फ्लॅशर हॉस्टेलच्या रूमवरच बनवला. इस्त्रीने टोनर उतरवला, फेरिक क्लोराईडमध्ये बोर्ड हलवत बसलो, ड्रिलिंग-सोल्डरिंग झालं. एलईडी कधी लुकलुकतो, कधी गप्प! बोर्ड उलटा करून बघतो तर ४ नंबरच्या पिनला, म्हणजे रीसेटला, ट्रॅकच नाही. कीकॅडच्या स्केमॅटिकमध्ये ती वायर पिनच्या केसभर अलीकडेच थांबली होती.

सॉफ्टवेअर आपलं चित्र बघत नाही. कोणती पिन कोणत्या 'नेट'मध्ये, एवढंच ते बघतं आणि बोर्डाकडे तेच जातं. म्हणून जोडायला 'डब्ल्यू' दाबून वायरच काढा. ग्राफिक रेघ दिसायला तशीच, पण तिने काहीच जोडलं जात नाही. मोकळ्या पिनच्या टोकाला बारीक गोल असतो, जोड झाली की तो जातो. ग्रिड ५० मिलच (१.२७ मिमी) ठेवा, माझा घोळ तिथेच झाला, ग्रिड बारीक केली होती. दोन वायरी एकमेकींवरून गेल्या आणि ठिपका नसेल, तर त्या जोडलेल्या नाहीत. लांबच्या जोडाला दोन्हीकडे तंतोतंत एकच लेबल द्या.

बोर्डाकडे जाण्याआधी ईआरसी चालवाच. बॅटरी कनेक्टरवरून येत असेल तर पॉवर पिनबद्दल ओरड होते, तिथे पॉवर फ्लॅग लावा. बाकीच्या तक्रारी मात्र "चालतंय रे" म्हणून सोडू नका. मी सोडल्या होत्या.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी बोर्ड उलटा केला आणि पहिला प्रश्न विचारला, "४ पासून ८ पर्यंत ही निळी वायर कसली?"