जोत्याची उंची

आपले बिऱ्हाड कोठे असावे, या प्रश्नाचा मी आयुष्यात एकदाच गंभीरपणे विचार केला. आणि तोही इतक्या एकांतात केला की, ज्या चौघांना त्या बिऱ्हाडात नांदावयाचे होते त्यांना तो निर्णय इसाराची रक्कम देऊन झाल्यावरच कळला. सरकारी नोकरीच्या 38 वर्षांत डझनभर पेन्सिली मागवावयाच्या झाल्या तरी तीन टेबलांवरून टिपण फिरवून घेणारा मी, घराच्या बाबतीत मात्र स्वतःच अर्जदार, स्वतःच चौकशी अधिकारी आणि स्वतःच मंजुरी देणारा झालो. असा कारभार ज्या खात्यात चालतो त्याची पुढे काय गत होते, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले होते.

आम्ही राहत होतो गिरगावात, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. मूळचे आम्ही गुहागरकडचे. कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरविला आणि आमची होती नव्हती ती भातजमीन कसणाऱ्याच्या नावे झाली; त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण आमच्यापैकी कोणीही तीत कधी पाऊल भिजविले नव्हते. पण जमिनीबरोबर जाण्याचे निमित्तही संपले, बंद घराची भिंत एका पावसाळ्यात बसली, आणि सातबाऱ्यावरून आमचे नाव उतरले तरी माझ्या मनातले कोकण मात्र तसेच राहिले. तेही मे महिन्यातले कोकण होते, हे आता ध्यानात येते. मुलगा म्हणून मी तेथे जे काही पाहिले ते उन्हाळ्याच्या सुटीत पाहिले; जून लागण्यापूर्वी आम्ही बोटीने मुंबईला परतलेले असू. ज्या प्रदेशाचा चार महिन्यांचा पाऊस हाच स्थायीभाव, त्याची माझी ओळख उरलेल्या आठ महिन्यांपुरती होती.

1998 साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि माझ्यासारख्या, निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या अनेक चाकरमान्यांना आपण जन्मजात ग्रामवासी असल्याचा साक्षात्कार झाला. शेतजमीन विकत घ्यावयाची तर अंगी शेतकरीपणाचा दाखला लागतो, आणि तो आमच्याकडे आता नव्हता. म्हणून मी चिपळूण शहराच्या सखल भागात, वाशिष्ठीपासून फार दूर नाही अशा आळीत, तयार घर पाहिले. ते पाहिले 1999 च्या डिसेंबरात. पहाटे धुके, दुपारी कोवळे ऊन, परशुरामाच्या डोंगरावर निळी छटा, आणि नदी अशी शांत व अंग चोरून वाहणारी, की हिचा कोणास उपद्रव होईल ही कल्पनाही पाप वाटावी. कागदपत्रांत मी कसूर केली नाही, हे येथे अभिमानाने नव्हे, तर उपहासाने सांगतो. दुय्यम निबंधकांच्या दफ्तरात 30 वर्षांचा शोध घेतला, मालमत्ता पत्रकाची नक्कल काढली, बोजा नाही, कज्जा नाही, भाऊबंदांची हरकत नाही, याची खातरजमा केली. परंतु त्या पत्रकावर मालकांची नावे असतात. पाणी कोठवर येते याची नोंद त्यावर करावी असे कोणत्याही काळच्या सरकारास सुचलेले नाही.

नोंद होती, पण ती वाचता येण्यासारख्या ठिकाणी असूनही मी वाचली नाही. शेजारचे जुने घर कमरेएवढ्या जोत्यावर उभे होते. आमचे, नव्याने बांधलेले, रस्त्यापासून जेमतेम दोन पायऱ्या उंच. शेजाऱ्यांच्या माजघरावर प्रशस्त माळा होता आणि त्यास शिडी अशी पक्की बसविलेली, की आजारी माणसालाही चढविता यावे. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात साखरेची व डाळीची पोती छातीच्या उंचीच्या फळ्यांवर रचलेली होती, ती पाहून मी मनाशी म्हटले, येथे उंदीर फार दिसतात. आमच्या होऊ घातलेल्या घरास आतून बाहेरून ताजा रंग दिलेला होता व तो जमिनीपासून पाच फुटांपर्यंत किंचित गडद होता; मला ती रसिकता वाटली. विकणाऱ्याने मला फसविले, असे मी कधी म्हटले नाही. त्याने एकही खोटे विधान केले नाही, आणि मी एकही नेमका प्रश्न विचारला नाही.

प्रश्न विचारला तो माझ्या आईने. तेव्हा ती 78 वर्षांची होती. खरेदीखत होऊन गेल्यावर मी तिला घर दाखविण्यास नेले. तिने आत पाऊल टाकण्यापूर्वी काठी पायरीवर आपटली आणि म्हणाली, “अरे, जोते इतके बुटके का?” मी म्हणालो, “तुझ्याच सोयीसाठी. गुडघे दुखतात ना?” ती गप्प बसली. कोकणातल्या बाईने घराच्या जोत्याविषयी विचारले की ती पाण्याविषयी विचारते, हे मला समजावयास पाच वर्षे लागली.

पुराची हकीगत सांगण्यापूर्वी त्या पाच वर्षांविषयी सांगितले पाहिजे, कारण पुराने माझी चूक उघडकीस आणली एवढेच. चूक त्यापूर्वीच फळास आली होती. पत्नीचा जन्म गिरगावातला. सकाळी गॅलरीत उभे राहून समोरच्या, बाजूच्या व खालच्या अशा सात बिऱ्हाडांशी एकाच वेळी बोलण्याचा तिचा परिपाठ मी 30 वर्षे गोंगाट समजत आलो. चिपळुणास तो बंद पडला तेव्हा दिसून आले की, तिचा अर्धा संसार त्या कठड्यावर चालत होता. “अहो, इथे कोणी वाईट नाही, पण इथे मला कोणी ओळखत नाही,” असे ती एकदा म्हणाली आणि पुन्हा तो विषय तिने काढला नाही. मुलीचे महाविद्यालय मध्येच बदलावे लागले. मुलाची नोकरी अंधेरीस. तो कोणाच्या तरी घरी पैसे भरून राहू लागला, म्हणजे ज्याच्या नावावर घर व्हावे म्हणून मी घर घेतले त्यालाच मी बेघर केले. आईचा दमा मुंबईत अधूनमधून उठत असे. येथे आषाढ-श्रावणात, भिंतीस ओल धरली की, तो मुक्कामास येई. मी मात्र अंगणातला पारिजात सर्वांना दाखवीत होतो.

26 जुलै 2005. वाशिष्ठी ही साधी नदी नव्हे; चिपळूणच्या खाली ती खाडी होते व समुद्राची भरती गोवळकोटपर्यंत वर चढते. सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस एकीकडून उतरतो, भरती दुसरीकडून त्याची वाट अडवून धरते, आणि मध्ये शहर सापडते. कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजगृहातून उतरल्यावर अखेर याच नदीस मिळते; पुरात त्याचा वाटा किती, यावर गावात दुमत आहे आणि त्या वादात मी पडत नाही. माझ्यापुरते सांगावयाचे तर, दोन पायऱ्यांचे जोते पाण्याने केव्हा गिळले हे कळलेही नाही. आईला शेजाऱ्यांनी शिडीवरून आपल्या माळ्यावर घेतले. त्या माळ्यावर आमच्यासकट अकरा माणसे, एक गाभण शेळी आणि वाण्याच्या डाळीची पोती अशी रात्र निघाली. ती पोती तेथे कशी आली, हे मी कोणास विचारले नाही.

त्याच दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता आणि आमचा मुलगा अंधेरीहून निघून कमरेएवढ्या पाण्यातून चालत होता. दूरध्वनी बंद. तो जिवंत आहे की नाही हे आम्हाला आणि आम्ही जिवंत आहोत की नाही हे त्याला, तीन दिवस ठाऊक नव्हते. पुढे वर्तमानपत्रात वाचले की, त्याच दिवशी कुलाब्यास जेमतेम 73 मिलिमीटर पाऊस झाला. गिरगाव कुलाब्यापासून फार दूर नाही. एकाच शहरात, एकाच दिवशी एवढे अंतर! सोडलेल्या त्या दोन खोल्यांच्या दारात त्या रात्री कदाचित पायपुसणेही भिजले नसेल. ‘मुंबई नको’, ‘कोकण हवे’ अशा घाऊक नावांनी घर ठरविणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. माणूस राहतो तो प्रांतात नव्हे. एका विशिष्ट आळीत, विशिष्ट उंचीवर राहतो.

गाळ उपसून झाल्यावर, दिवाळीत मुले आली तेव्हा, मी जे काम सहा वर्षे आधी करावयास हवे होते ते केले. प्रत्येकास एकेक कोरा कागद दिला. अट अशी घातली की, गावाचे नाव कोणी लिहावयाचे नाही. पायी चालत जाऊन रोज काय गाठता आले पाहिजे, रात्री दोन वाजता कशाची गरज लागू शकेल आणि कशावाचून राहणे अशक्य आहे, एवढेच लिहावे, आणि एकमेकांचे पाहू नये. ही अट महत्त्वाची आहे. एकत्र बसून विचारले की घरातला मोठा आवाज बोलतो व बाकीचे माना हलवितात. आमच्या घरात मोठा आवाज कोणाचा, हे सांगावयास नको.

पत्नीने लिहिले की, भाजी स्वतः जाऊन आणता यावी आणि दार उघडले की बोलावयास माणूस दिसावा. मुलीने लिहिले की, ती नोकरी असेल तेथे राहीलच, पण आम्ही असे ठिकाण धरावे की शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी तिला पोहोचता यावे. मुलाच्या कागदावर एकच ओळ होती: ‘बाबा, माझ्यासाठी घर घेऊ नका.’ ती ओळ मला लागली, आणि लागावी म्हणूनच ती लिहिलेली होती. आईने मजकूर सांगितला व तो मुलीने लिहून घेतला: उंच जागा, कोरडी भिंत, दमा उठला तर डॉक्टर, देऊळ लांब असले तरी चालेल, देव कोठे पळून जात नाही. माझ्या स्वतःच्या कागदावर निवांतपणा, पारिजात आणि नदी अशा तीन गोष्टी होत्या. चार कागदांशेजारी तो ठेवला तेव्हा दिसले की, माझी मागणी राहण्याची नव्हती, पाहण्याची होती.

या कागदांवरून जे ठरले ते असे की, चिपळूण सोडण्याचे कारण नाही, नदीचा काठ मात्र सोडला पाहिजे. पत्नीला तोवर बोलावयास माणसे मिळाली होती. पुराने आमची ओळख पाच वर्षांत झाली नव्हती तेवढी एका रात्रीत करून दिली होती. आम्ही चढावरच्या बाजूस दोन खोल्या अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने घेतल्या, आणि करार मुद्दाम वैशाखात सुरू केला. नव्या ठिकाणी भाड्याने राहून पाहावे, हा सल्ला बरेच देतात. पण कोकणात तो करार कार्तिकात सुरू करणाऱ्यास पावसाळा दिसेपर्यंत त्याचे मन त्या घरात गुंतून बसते. विदर्भात जावयाचे असेल तर मे महिना पाहावा, दुष्काळी तालुक्यात टँकरचे दिवस पाहावेत. त्या मुलखाचा जो कठीण महिना, त्यात तेथल्या बायकांना नळाची वेळ विचारावी, पोस्टमनला वाट विचारावी आणि वाण्याच्या फळ्यांची उंची मोजावी. नदीकाठी तर पाटबंधारे खात्याकडून पूररेषा आखल्या आहेत काय, हे पाहावे: निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘100 वर्षांतून एकदा’ याचा अर्थ आपल्या हयातीत नाही, असा मात्र कोणी घेऊ नये.

आणखी एक गोष्ट, ती पैशाची. चाळीच्या खोल्या सोडताना जे हाती आले ते आणि भविष्यनिर्वाह निधीची सर्व रक्कम मी त्या घरात घातली होती. परतावयाचे ठरविले असते तरी गिरगावात त्याच खोल्यांचे मोल आता माझ्या आवाक्याबाहेर गेले होते. चूक करण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, पण तिच्या निस्ताराची तरतूद आधी बाजूस काढून ठेवावी. मी ती ठेवली नाही, आणि म्हणूनच दोन वर्षे त्या ओल्या घराचे कर आणि चढावरच्या खोल्यांचे भाडे अशी दुहेरी ओढाताण सोसावी लागली.

2007 च्या डिसेंबरात घरास गिऱ्हाईक आले. पुन्हा तेच धुके, तेच ऊन, तीच अंग चोरून वाहणारी नदी, आणि मुंबईहून निवृत्त झालेले एक सद्गृहस्थ, एकटेच. दलालाने मला आठवडाभर आधी रंगाऱ्याचा पत्ता दिला होता. मी रंग काढला, पण माजघराच्या एका भिंतीवर, पुराचा गाळ जेथवर चढला होता ती तपकिरी रेघ तशीच ठेवली. गृहस्थ तिच्यासमोर थांबले व म्हणाले, “हा डाग कसला?” मी सांगितले. त्यांनी किंमत पुष्कळ खाली आणली, ती मी मान्य केली. मग ते म्हणाले की पत्नीला व मुलाला पावसात आणून दाखवितो, आणि खरोखर जुलैत ती तिघे छत्र्या घेऊन आली. व्यवहार त्यानंतर झाला. त्यांनी पहिले काम केले ते माळ्याचे. शिडी शेजाऱ्यांसारखीच पक्की बसविली.

22 जुलै 2021 रोजी, आषाढी एकादशीस दोन दिवस लोटले असताना, पहाटे पाणी पुन्हा शहरात शिरले. आई तोवर गेली होती. चढावरच्या आमच्या खिडकीतून बाजारपेठेच्या जागी नुसता तपकिरी जलाशय दिसत होता. पाणी उतरल्यावर भाकऱ्या घेऊन मी त्या घरी गेलो. तिघेही माळ्यावरून नुकतीच उतरली होती. माजघराच्या भिंतीवर माझी रेघ होती, आणि तिच्याहून हातभर वर, अजून ओली, दुसरी. मुलगा खिळ्याने तिच्याशेजारी तारीख कोरीत होता.