ताटीआडचा एकांत आणि संतांची सोबत

दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंपैकी कित्येक जण एकाकीपणाचे ओझे मनात घेऊन येतात. कोणाचा जोडीदार निवर्तलेला असतो, कोणाची मुले परदेशी असतात, तर कोणी दीर्घ आजारातून नुकताच उठलेला असतो. अशांना ‘देवावर भार टाका’ एवढेच सांगणे अपुरे वाटते. वारकरी संतांनी या अवस्थेचा विचार याहून खोलवर केलेला आहे, म्हणून हा अल्पसा अभ्यास.

संन्याशाची मुले म्हणून समाजाने दूर लोटलेल्या चार भावंडांची कथा सर्वश्रुत आहे. परंपरा सांगते की, लोकांच्या वागण्याने व्यथित झालेले ज्ञानदेव एके दिवशी झोपडीत गेले व त्यांनी ताटी लावून घेतली. ताटी म्हणजे कामट्यांचे साधे दार. धक्का दिला असता तर ते सहज उघडले असते. परंतु धाकट्या मुक्ताईने ते ढकलले नाही. ती बाहेर उभी राहून भावाशी बोलत राहिली. तेच ‘ताटीचे अभंग’. भावाच्या रागाबद्दल तिने त्याला हिणविले नाही. त्याचे स्वतःचे मोठेपण तेवढे त्याच्यापुढे ठेवले. दुःखी माणसाशी कसे बोलावे, याचा इतका उत्तम पाठ मराठीत दुसरा नसावा, असे प्रस्तुत लेखकाचे नम्र मत आहे.

तुकोबांचा एकांत निराळा. इ. स. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांनी पत्नी व मुलगा गमावला, व्यापार बुडाला. ते भामनाथ, भंडारा या डोंगरांवर जाऊन बसू लागले. मात्र ते तेथेच राहिले नाहीत. खाली येऊन त्यांनी विठ्ठलाच्या पडक्या देवळाचा जीर्णोद्धार केला, कीर्तनास उभे राहिले आणि त्यांच्या मागे टाळकरी जमले.

चोखोबांविषयी मात्र जपून लिहावयास हवे. त्यांचे एकटेपण त्यांनी निवडलेले नव्हते. माणसांनीच त्यांना देवळाबाहेर ठेवले होते. त्यांची समाधी आजही पंढरपूरच्या महाद्वारी, नामदेव पायरीसमोर आहे. मंदिर सर्वांस खुले व्हावे यासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. श्रद्धेने चोखोबांना बळ दिले हे खरे. परंतु दार बंद ठेवणाऱ्यांचा दोष त्यामुळे कमी होत नाही.

दार सर्वांसाठीच बंद होण्याचा प्रसंग मार्च २०२० मध्ये आला. करोनाच्या साथीमुळे राज्यातील मंदिरे बंद झाली. त्या वर्षी आळंदी-देहूहून पालख्या पायी निघाल्या नाहीत. १ जुलैच्या आषाढी एकादशीसाठी संतांच्या पादुका आदल्या दिवशी एस.टी. बसने पंढरीस नेण्यात आल्या. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट वारकऱ्यांवाचून ओस राहिली. १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्यास, मंदिरे उघडली, तरी २०२१ ची आषाढीही बसनेच झाली. पायी सोहळा पूर्ववत निघाला तो २०२२ साली.

त्या काळात आमच्या कार्यालयात दूरध्वनी येत. देणगीची वा खोलीची चौकशी क्वचितच असे. “काकडा झाला का? आज नैवेद्याला काय होते?” असे वृद्ध माणसे विचारीत आणि ऐकून निवांत होत. आपण नसतानाही नित्योपचार चालू आहेत, एवढाच त्यांना आधार हवा होता. अनेकांनी सायंकाळी ठरल्या वेळी घरोघरी हरिपाठ म्हणण्याचा नेम धरला. शेजारच्या घरातील टाळ ऐकू आला की आपलाही आवाज चढतो, असे एका आजींनी सांगितले होते. टाळ, खरे पाहता, एकट्याने वाजविण्याचे वाद्यच नव्हे! (अर्थात ज्यांच्या शेजारी कोणीच नव्हते, त्यांचे दिवस फार कठीण गेले, हेही नमूद केले पाहिजे.)

यात्रेहून परतताना बुक्का, तुळशीमाळ व लाह्या-बत्तासे नेण्याची आपली रीत आहे. आपल्या गावात ज्याच्या घरी कोणी जात-येत नसेल, त्याचा प्रसाद वेगळा बांधून घ्यावा. तो देऊन लगेच निघू नये. पाणी मागून घ्यावे, घटकाभर बसावे आणि वारीत काय काय पाहिले ते त्यास सावकाश सांगावे.