साक्षगंधाआधी एक तपासणी

चि. सोनूस,


गोंदियाचं स्थळ तुला पसंत आहे, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. पण साक्षगंधाची तारीख काढण्याआधी तुम्ही दोघांनी सिकलसेलची तपासणी करून घ्या. हे मी आग्रहानं सांगते आहे.

आपल्या बालाघाटात आणि गोंदिया-भंडाऱ्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ‘तो बैहरकडच्या आदिवासींचा,’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. इतर समाजांतही तो आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच या आजाराचा जनुकीय दोष आला तर माणूस वाहक, म्हणजे ‘एएस’ असतो. तो सहसा धडधाकट असतो, म्हणून त्याला पत्ताच लागत नाही. दोघांकडून आला तर ‘एसएस’: तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लेकरू हातपाय धरून रात्रभर कळवळतं.

दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के. ‘एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील’ हा हिशेब खोटा आहे; दर खेपेला धोका तेवढाच. एकच जण वाहक निघाला तरी दुसऱ्याची एचपीएलसी ही सविस्तर रक्ततपासणी कराच. प्राथमिक तपासणीत थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तविकाराचा वाहक कळत नाही आणि हे दोन दोष एकत्र आले तरी मूल आजारी होऊ शकतं.

१ जुलै २०२३ ला आपल्याच मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते, कार्ड मिळतं. सरकारी दवाखान्यात चौकशी कर. मात्र मुलाकडचे कार्ड फक्त मुलीचंच मागत असतील तर स्पष्ट सांग, दोघांचंही पाहू. वाहक असणं हा कुणाचा दोष नाही; ते लपवायचंही नाही आणि गावभर सांगायचंही नाही.

दोघंही वाहक निघालात तर समुपदेशकाकडे जोडीनं जा. गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास होऊ शकते, तेही नीट विचारून घ्या. मग लग्न करायचं की थांबायचं, हे तुम्ही दोघांनीच ठरवा. काका-मामांनी नव्हे, मीही नव्हे. असा अवघड विषय मुलगा तुझ्याशी मोकळेपणानं बोलतो का, हेही तेव्हाच कळेल, आणि संसाराला ते कळणं फार गरजेचं आहे.

याच आठवड्यात त्याला फोन कर.

तुझी,
मावशी