चपळ लढवय्याला घोडा का हवा?

प्रश्न : माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. शनिवार-रविवारी मित्रांबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा फाशांचा खेळ खेळतो. सुट्टीला वढूला आला की माझ्यामागे लागतो, “मामा, मला रेड्याच्या ताकदीचा गडी नको. चपळ लढवय्या करायचाय आणि तो आपल्या भागातला वाटला पाहिजे.” परवा त्याने पात्राचा कागद आणून दाखवला, नुसते आकडे. मला ओ की ठो कळलं नाही. असा चपळ गडी या खेळात खरंच टिकतो का? त्याला दांडपट्टा देता येईल का? आणि नाव काय ठेवावं?
— एक वाचक, वढू बुद्रुक (ता. शिरूर)

उत्तर : टिकतो. पण भाच्याच्या कागदावर एक गोष्ट बहुतेक राहिली असणार, आणि ती तुमच्याच नदीकाठची आहे. तिच्याकडे येतोच, आधी आकडे निस्तरू.

हा खेळ 1974 सालचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो रचला. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत उतरतात, आणि केलेली गोष्ट जमली की फसली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पात्राला सहा गुण असतात. त्यातले तीन शरीराचे : स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद, डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई, कॉन्स्टिट्यूशन म्हणजे काटकपणा. उरलेले तीन बुद्धीचे, जाणतेपणाचे आणि छाप पाडण्याचे. या सहा जागी 15, 14, 13, 12, 10 आणि 8 हे आकडे वाटून टाकायचे, ही सर्वात सरळ पद्धत. आकड्यातून 10 वजा करा, निम्मे करा, अर्धा उरला तर सोडून द्या. जे येईल ते फाशात मिळवायचं. म्हणजे 16 चपळाईला 3 मिळतात. 15 ला मात्र 14 इतकेच, म्हणजे 2. विषम आकडा हा हिशेबात बुडीत पैसा.

(मी 2014 च्या नियमपुस्तकाप्रमाणे सांगतो आहे, कारण पुष्कळ कट्ट्यांवर अजून तेच चालतं. 2024 च्या सुधारित पुस्तकात गुणांची वाढ वंशावरून मिळत नाही, पात्राच्या पूर्वायुष्यावरून मिळते. बाकी सांगाडा तोच.)

भाच्याने माणूस हा वंश घेतला तर प्रत्येक गुणात एकेक वाढतो. मग 15 चपळाईला द्यावेत, ते 16 होतात. काटकपणाला 14 द्यायचा मोह होतो, तो टाळावा. 13 द्यावेत, त्याचे 14 होतात आणि फायदा तोच 2. वाचलेले 14 जाणतेपणाला द्यावेत, म्हणजे झाडीत दबा धरून बसलेला शत्रू वेळेवर दिसतो. ताकदीला 12. इथे पुष्कळ पोरं 8 टाकून मोकळी होतात आणि मग पात्र तटावर चढताना घसरतं. ताकद लागत नाही असा चपळ माणूस फक्त कागदावर असतो. पहिल्या पातळीवर या गड्याचे प्राण, म्हणजे हिट पॉइंट, 12 होतात.

आता तलवार. साधारणपणे वार करताना ताकद मोजली जाते. पण काही हत्यारांवर ‘फिनेस’ असा शिक्का असतो. त्यांना ताकदीऐवजी चपळाई लावता येते. रेपियर त्यातली सर्वात जोरदार, आठ बाजूंचा फासा. सिमिटर सहा बाजूंची. ‘ड्युएलिंग’ ही लढण्याची रीत निवडली तर एकहाती वाराला दोन जास्त मिळतात, आणि दुसऱ्या हातात ढाल चालते. म्हणजे एका वाराला आठ बाजूंचा फासा अधिक पाच. ताकदवाल्यापेक्षा कमी नाही.

कमी पडतो तो बचावात, आणि ते भाच्याला आधीच सांगून ठेवा. कातड्याचं चिलखत 11, त्यात चपळाईचे 3, ढालीचे 2 : एकूण 16. शेजारचा ताकदवाला पहिल्याच दिवशी साखळ्यांचं जाड चिलखत आणि ढाल घेऊन 18 वर बसलेला असतो. हे अंतर भरत जातं. चौथ्या पातळीला चपळाई 18 करावी, सहाव्याला 20. लढवय्याला सहाव्या पातळीची ही वाढ इतरांपेक्षा जादा मिळते. तेव्हा खिळे ठोकलेलं कातडी चिलखत घातलं की ढालीसकट 19. पोलादी पत्र्यातला 20 वर. एकाचा फरक, आणि त्या पत्र्याला 1500 सोन्याची नाणी मोजावी लागतात.

मधल्या काळासाठी एक युक्ती आहे आणि ती मला फार आवडते. चेन शर्ट म्हणून एक अंगाबरोबरचं जाळीचं चिलखत मिळतं, 50 नाण्यांना. त्याचे 13, चपळाईचे फार तर 2, मिळून 15. आणि ते कपड्यांच्या आत घालायचं असतं. जाड चिलखतासारखं ते खुळखुळत नाही, त्यामुळे दबक्या पावलांनी जाताना अडथळा येत नाही. प्रतापगडाखाली शिवाजी महाराज अफजलखानाला भेटायला गेले ते अंगरख्याआत चिलखत आणि मंदिलाखाली शिरस्त्राण घालूनच. चपळ माणसाने उघड्या छातीने लढायचं असतं ही सिनेमातली समजूत आहे.

बरं, चपळाईचे इतर फायदे : कोण आधी वार करणार ते चपळाईवर ठरतं, धनुष्याला तीच लागते, आगीच्या गोळ्यापासून अंग वाचवायलाही तीच. एवढं सगळं एका गुणात मिळतं म्हणून अनुभवी खेळाडूही तिच्यावर भाळतात.

आणि इथेच नवे खेळाडू फसतात. चपळ म्हटलं की आपल्या डोक्यात गनिमी कावा : पुढे जा, हाणा, निघून या. भाच्याचा गडी तसं करायला जाईल आणि मागे फिरताच शत्रू त्याला एक फुकटचा वार देईल. नियमच तसा आहे. हाताच्या अंतरातून बाहेर पडलात की समोरच्याला एक वार मिळतो, मग तुमची चपळाई 20 का असेना. तो टाळायला ‘डिसएंगेज’ करावं लागतं, म्हणजे सावधपणे मागे सरणं, आणि त्यात पाळीतली एकुलती कृती जाते. वार करायला वेळ उरत नाही. माझ्या मते या खेळातल्या चपळाईची सगळी गोम या एका नियमात आहे. मार चुकवणं स्वस्त आहे. निघून जाणं महाग आहे.

यावर पुस्तकी उपाय आहेत. दुसऱ्या पातळीला लढवय्याला ‘ॲक्शन सर्ज’ मिळतं, विश्रांतीमागे एकदा एक जादा कृती : वार करा, मग सरका. तिसऱ्या पातळीला ‘बॅटल मास्टर’ झालं की डावपेचांसाठी आठ बाजूंचे चार फासे मिळतात. ‘इव्हेसिव्ह फुटवर्क’ने चालताना बचाव वाढतो, आणि ‘रिपोस्ट’ तर मर्दानी खेळातल्यासारखा, समोरच्याचा वार हुकला की तत्काळ आपला. मात्र भाचा हा खेळ छापणाऱ्या कंपनीने 2023 साली क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळे केलेले फुकट नियम वापरत असेल तर त्यात बॅटल मास्टर नाही. तिथे लढवय्याला ‘चॅम्पियन’ हा एकच रस्ता आहे, आणि त्यात मागे सरण्याचा डाव नाही.

म्हणून घोडा.

घोड्यावर बसणाऱ्याचा नियम पुस्तकात आडबाजूला छापलेला आहे आणि मुलं तो सहसा वाचत नाहीत. शिकवलेला घोडा तुमच्याच पाळीत हलतो आणि त्याला तीनच कृती करता येतात : जोरात पळणं, अंग चुकवणं, आणि डिसएंगेज. म्हणजे मागे सरण्याचं काम घोडा करतो, वार तुमचा तुमच्याकडे राहतो! साध्या घोड्याचा वेग 60 फूट. समजा शत्रू 30 फुटांवर आहे. 25 फूट दौडत जा, वार करा, उरलेले 35 फूट मागे या. आता तुमच्यात 40 फूट अंतर पडलं. शत्रूचा वेग 30; तो चालत येऊन 10 फुटांवर थांबणार, आणि त्याची तलवार 5 फुटांपुढे पोचत नाही. तो पळत अंगावर आला तर येईल, पण पळण्यात त्याची कृती संपली. हे पहिल्या पातळीपासून जमतं. कुठली खास विद्या लागत नाही.

आणि हे तुमच्या भागाइतकं दुसऱ्या कुठल्या भागाला शोभणार? भीमेच्या काठाची ती भीमथडी, आणि तिथलं तट्टू दिसायला बुटकं पण काटक, थोडक्या चाऱ्यावर लांब मजल मारणारं. राज्यगीतात त्याचा उल्लेख आहे म्हणून नाव सगळ्यांना पाठ. प्रत्यक्षात ते बहुतेकांनी पाहिलंय ते मेंढपाळांच्या बिऱ्हाडामागे, पाठीवर संसार लादलेलं. मराठ्यांच्या फौजेची चपळाई पुष्कळशी या चार पायांची होती. वढूहून भीमेच्या बाजूला थोडं गेलं की तुळापूर. 1689 मध्ये औरंगजेबाची छावणी त्या परिसरात होती. संताजी घोरपड्यांनी निवडक स्वारांनिशी रात्री त्या छावणीत शिरून बादशाही तंबूचे सोन्याचे कळस कापून नेले, अशी हकिगत बखर सांगते. भाच्याला सांगा, ही हकिगत खेळाच्या भाषेत मांडून बघ. आत शिरताना न खुळखुळणारं चिलखत, रात्रीचा दबा, आधी वार करण्याचा मान. हे सगळं कामी येतं. पण सकाळी सगळे जिवंत मोजता येतात ते बाहेर घोडे तयार असतात म्हणून.

नियमांची एक गंमत. पुस्तकातलं ‘पोनी’, म्हणजे आपलं तट्टू, 30 नाण्यांना मिळतं. पण वाहन स्वारापेक्षा एका मापाने मोठं हवं या नियमामुळे माणसाला त्यावर बसता येत नाही. हाफलिंग या बुटक्या वंशाला येतं, आणि त्यांना चपळाईत दोन जादा मिळतात. भाच्याला बुटका नायक चालत असेल तर हाच स्वस्तातला स्वार. नाहीतर डंजन मास्टरला गळ घालावी. ज्या तट्टांवरून अख्खी फौज फिरली त्यांना माणूस पेलत नाही, हे शिरूर तालुक्यात तरी कुणी ऐकून घेणार नाही.

हा उपाय अमोघ नाही. तिरंदाजासमोर तो लंगडा पडतो. शहाणा शत्रू ‘तो जवळ आला की हाणतो’ म्हणून वार राखून उभा राहतो. आणि खेळाच्या नावातच डंजन आहे; तळघराच्या जिन्यावरून घोडा उतरत नाही. तिथे ढाल, रेपियर आणि ॲक्शन सर्ज.

दांडपट्ट्याचं. 2024 मध्ये राज्य शासनाने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला, पण या पुस्तकात तो नाही. नुसतं रेपियरचं नाव खोडून पट्टा लिहिलं तर मजा जाते, कारण रेपियर भोसकते आणि पट्टा कापतो. पट्ट्याची मूठ कोपराकडे हात झाकत जाते, मनगट वळत नाही, त्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेतून फिरतो. मी असा नियम सुचवेन : आठ बाजूंचा फासा, कापणारा वार, फिनेस चालेल. तो हातात चढवायला आणि उतरवायला ढालीसारखी एक कृती लागेल, आणि चढवलेला असताना त्या हाताने लगाम, दोर, दाराची कडी काही धरता येणार नाही. बदल्यात तो हातातून उडवता येणार नाही. डंजन मास्टरने कुरकुर केली तर त्याला 10 नोव्हेंबर 1659 ची, अफजलखानाच्या त्या भेटीची, आठवण करून द्या. सय्यद बंडाचा पट्टा हातातून पडला नाही, म्हणून जिवा महालाला हातच तोडावा लागला, असं परंपरा सांगते.

नावाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी तुमच्या गावात आहे. या खेळात फाशावर 1 पडला की नायक चिखलात तोंडावर आपटतो आणि सगळे खो खो हसतात. ते हसणं खेळाचा प्राण आहे, तेव्हा अशा जागी ते नाव नको. संताजी-धनाजीही नकोत. एखादा कुठल्याही बखरीत नसलेला स्वार करा, त्याला पडायची आणि पळायची मोकळीक राहते.

शेवटी पैशाचा हिशेब, कारण भाचा तो विचारणारच. तयार सामानाऐवजी रोख घेतली तर लढवय्याला चार बाजूंचे पाच फासे टाकून दसपट नाणी मिळतात, सरासरी 125. घोडा 75, खोगीर 10, लगाम 2, कातडी चिलखत 10, रेपियर 25. झाले 122. ढालीला पैसे उरत नाहीत, म्हणजे पहिल्या मोहिमेपर्यंत बचाव 14 वरच. हा झाला शिलेदार, घोडा स्वतःचा. दुसरा मार्ग बारगिराचा : डंजन मास्टरशी बोलून गोष्टीत एखादा सरदार ठेवायचा, घोडा त्याच्या पागेतला, आणि आपल्या पैशात ढाल घ्यायची. मी बारगीर व्हायला सांगेन. साध्या घोड्याचे प्राण 13 असतात, शत्रू आधी त्यालाच मारतो, आणि मेलेल्या घोड्याचे 75 परत कुणी देत नाही. बारगिराला निदान दुसरा मागायला दार असतं. मात्र सरदार बदल्यात काय काम सांगेल, ते डंजन मास्टरच्या मर्जीवर.