मुक्या यंत्राची परीक्षा

आपल्या जवाहरनगरांत आयुधनिर्माणीमुळें रसायनशास्त्र हा केवळ पुस्तकी विषय राहिलेला नाहीं. पुष्कळ घरीं तो वडिलांच्या नित्याच्या कामाचा विषय आहे. म्हणून द्रव्याच्या रेणूंची रचना सांगणारें एक यंत्र जुनें होऊन मुकें झालें, तर त्याचा दोष कसा शोधावा, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

या यंत्रास संक्षेपानें एन्. एम्. आर्. यंत्र म्हणतात. ज्या अनुनादावर तें चालतें, त्याचा शोध ब्लॉख व पर्सेल यांनीं १९४६ सालीं अमेरिकेंत स्वतंत्रपणें प्रसिद्ध केला. १९५१ सालीं स्टॅनफर्ड येथें अर्नोल्ड व पॅकार्ड यांजबरोबर डॉ. एस्. एस्. धर्मट्टी यांनीं मद्यार्कांतील हायड्रोजनाचे तीन निरनिराळे संकेत दाखविले. पुढें याच धर्मट्टींनीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत या विद्येचा पाया घातला.

चुंबकाच्या मध्यें द्रव्याची काचनळी असते व तिच्याभोंवतीं तांब्याचें वेटोळें. चुंबकक्षेत्र १.४१ टेस्ला असेल, तर हायड्रोजनाची केंद्रकें सेकंदास ६ कोटि कंपनांच्या रेडिओलहरीस प्रतिसाद देतात. प्रेषक क्षणमात्र जोराचा स्पंद सोडतो. तो थांबतांच केंद्रकांचें क्षीण उत्तर त्याच वेटोळ्यांतून पूर्वप्रवर्धकाकडे जातें. १०० वॅटांचा स्पंद ५० ओहमांच्या मार्गांत १०० व्होल्टांचें शिखर गांठतो. उत्तर मात्र त्याच्या मानानें अत्यंत लहान! गर्जनेपासून नाजुक कान वांचवावयाचा आणि कुजबूज मात्र त्यास ऐकवावयाची, हें काम उलटसुलट जोडलेले दोन डायोड व मोजून कापलेली एक केबल करितात.

आतां समजा, संकेत येईनासा झाला. प्रथम नळींत थोडें मोरचूद घातलेलें पाणी भरावें, म्हणजे नमुन्याविषयीं शंका उरत नाहीं. मग मार्गाचे दोन भाग करावे. पूर्वप्रवर्धकाच्या मुखाशीं वेटोळ्याऐवजीं ५० ओहमांचा रोधक जोडून पडद्यावरील खरखर पाहावी. पूर्वप्रवर्धकाची वीज बंद करतांच खरखर स्पष्ट कमी झाली, तर तो जिवंत आहे. दोष प्रेषकाकडे, वेटोळ्यांत किंवा डायोडांत शोधावा. कांहींच फरक न पडला, तर तो मेला असण्याचा संभव आहे.

येथेंच पुष्कळजण फसतात. मेलेला भाग बदलला कीं काम झालें, असें त्यांस वाटतें. परंतु तो मेला कशानें? डायोड जळून तुटले असतील, तर पहारा उठलेला असतो व नवा पूर्वप्रवर्धक पहिल्याच स्पंदाला बळी पडतो. जुन्या यंत्रांचे सुटे भाग बाजारांत सहसा मिळत नाहींत. शेवटचा जळाला, तर सगळें यंत्र भंगारांत जावयाचें. म्हणून वीज तोडून डायोड आधीं तपासावे. याच्या उलट, डायोड आंतल्या आंत जोडला गेला, तर प्रेषक व पूर्वप्रवर्धक दोन्ही निरोगी असूनही संकेत जमिनींत जिरतो.

केबलीची गोष्ट याहून मौजेची. ६ कोटि कंपनांची लहर मोकळ्या जागेंत ५ मीटर लांब असते. पॉलिथीनच्या केबलींत ती सुमारें दोन-तृतीयांश होते. तिचा चतुर्थांश, म्हणजे सुमारें ८२ सेंटिमीटर, हीच या केबलीची लांबी. एखादा नीटनेटका सहाय्यक मळकी केबल काढून दीड मीटरची नवी जोडतो. मीटरवर ती निर्दोष ठरते आणि यंत्र मात्र पूर्वींहून मंद बोलतें. जुनी केबल टाकण्यापूर्वीं तिच्याशेजारीं पट्टी धरून लांबी वहींत लिहून ठेवावी.