त्यांच्या आवडीची गाणी ऐकू की नको?

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी यजमान गेले. सकाळी चहाबरोबर आम्ही दोघं रेडिओ ऐकायचो. आता तेच सूर कानावर पडले की रडू आवरत नाही. मुलगी म्हणते, गाणी बंदच कर. काय करू?

उत्तर : ताई, गाणी बंद करू नका, वेळ मात्र तुम्ही ठरवा. ओळखीचं गाणं त्या माणसासकट ती सकाळ, तो चहा परत आणतं, म्हणून अवचित कानावर पडलं की फार लागतं. दोघांचं एकच गाणं निवडा, दिवसा, घरात कुणी असताना ऐका. रडू आलं तर येऊ द्या. मग थोडा वेळ बासरी लावा. रात्री एकटीने तीच ती गाणी ऐकत बसणं टाळा.

ऐकण्याहून माझा भर स्वतः गाण्यावर आहे. गुणगुणताना श्वास आपोआप सावकाश सुटतो, छाती हलकी होते. भजनी मंडळात तर तुमचा आवाज दाटून आला तरी अभंग थांबत नाही, शेजारणी तो पुढे नेतात. १९६१ साली पत्नी भानुमतीताई गेल्या, त्यानंतरही शास्त्रीय गायक कुमार गंधर्व गात राहिले.

झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं किंवा जगणं नकोसं वाटलं, तर लगेच टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर बोला. आणि मुलीला सांगा, आई रडली तर रेडिओ बंद करू नकोस, शेजारी येऊन बस.